जुन्या गणिताच्या पेपरांची यादी: शीट, ट्रोपी की ओमेका?

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका ओळखीच्या घरी माळा झाडताना पत्र्याच्या दोन पेट्या निघाल्या. आत गणिताचे पेपर. घरातले आजोबा जन्मभर गणित शिकवत होते. स्वतः काढलेले, बोर्डाचे, दुसऱ्या शाळांतून मागून आणलेले असे सगळे पेपर त्यांनी सुतळीने बांधून ठेवले होते. नातसून मला म्हणाली, "काका, पस्तीवाल्याला तर द्यायचे नाहीत. पण नुसते बांधून ठेवायचे तरी कशाला? एक्सेलमध्ये यादी करू, की याचं वेगळं काही सॉफ्टवेअर असतं?"

तिला त्या दिवशी जे सांगितलं आणि त्यातलं पुढे जे चुकलं, ते दोन्ही इथे लिहितो. बडोद्यात अशा पेट्या आणखीही माळ्यांवर असणार.

सॉफ्टवेअरच्या आधी

पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही. एक नोंद म्हणजे काय, एक पेपर की एक प्रश्न?

आमच्याकडे सहाशेच्या आसपास पेपर होते. उपप्रश्न धरून एका पेपरात सरासरी पंचवीस प्रश्न. पेपर हे एकक धरलं तर सहाशे ओळी, प्रश्न धरला तर पंधरा हजार. पेपरची नोंद तीन मिनिटांत होते, म्हणजे तीस तास. प्रश्न वाचून त्यावर टॅग, म्हणजे विषयाची चिठ्ठी, लावायला दोन मिनिटं धरली, तर पाचशे तास. रोज रात्री जेवणं आटपल्यावर एक तास बसलात, तर पहिलं काम महिन्यात उरकतं आणि दुसऱ्याला एक वर्ष साडेचार महिने लागतात, तेही एकही दिवस न चुकता. ज्यांना उत्साह आहे त्यांनी हा गुणाकार एकदा स्वतःच्या पेट्यांसाठी करून बघावा.

पण पेपरपाशीच थांबलं तर संग्रहाचा जीव हाती लागत नाही. "गणित, मार्च, एवढे गुण" या नोंदीतून काहीच कळत नाही. चक्रवाढव्याजाची उदाहरणं कधीपासून अवघड झाली, लॉग टेबल कधी आलं, भूमितीत प्रमेयाखालचा रायडर (त्याच प्रमेयावर बेतलेला जोडप्रश्न) कधी गेला, हे सारं प्रश्नात असतं. म्हणून माझं मत असं की सगळ्यांची नोंद पेपर म्हणून करावी आणि निवडक पेपरांचीच प्रश्नवार. आम्ही दर पाच वर्षांतला एक संच निवडला. हे ठरलं की साधन निवडणं निम्मं सोपं होतं.

शीट

गूगल शीट, एक्सेल, लिब्रऑफिस यांपैकी काहीही घ्या. फुकट किंवा आधीच असलेलं, घरातल्या प्रत्येकाला येणारं, आणि वीस वर्षांनीही उघडेल असं. पेपरवार यादीसाठी याच्यापुढे जायची गरज नाही, हे मी ठामपणे सांगतो. गूगल शीटवर दोघी-तिघींना एकाच वेळी बसता येतं. आमच्याकडे एक नणंद पुण्याहून ओळी भरत होती.

खोड्या मात्र शीटइतक्या कुणाच्याच नाहीत. प्रश्न क्रमांक ३/४ असा टाकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. एक्सेलचं पंचांग १ जानेवारी १९०० ला सुरू होतं, त्याआधीची तारीख त्याला तारीखच वाटत नाही; कुणाच्या पेटीत एकोणिसाव्या शतकातला मॅट्रिकचा पेपर असेल तर हे आधीच माहीत असावं. ००७ लिहिलं की ७ उरतात. देवनागरी आकड्यांत वर्ष टाकलं की शीट बहुधा त्याला मजकूर समजते. आमच्याकडे अर्धी वर्षं मराठी आकड्यांत, अर्धी इंग्रजी, आणि जिची शाळा गुजराती माध्यमात झाली तिची गुजराती आकड्यांत. क्रमवारी लावली तेव्हा स्वातंत्र्याआधीचे पेपर मेट्रिक पद्धतीच्या पेपरांनंतर जाऊन बसले. शेवटी सगळे आकडे एकाच लिपीत नव्याने टाकले आणि तो रकाना आधीच मजकूर म्हणून बांधून टाकला.

आणखी एक. शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली नुसत्या मजकुराची फाइल) करून एक्सेलमध्ये सरळ दोनदा क्लिक करून उघडली की देवनागरीचा कचरा होऊ शकतो. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. डेटा मेनूतून आयात करताना यूटीएफ-८ ही युनिकोडची पद्धत निवडली की अक्षरं परत येतात. खरं नुकसान जुन्या बिगर-युनिकोड फाँटांत टाइप केलेल्या याद्यांचं असतं. तो फाँट नसला की त्या वाचताच येत नाहीत.

शीटचा मोठा दोष हा की फोटो एकीकडे आणि ओळ दुसरीकडे. यावर इलाज जुनाच: प्रत्येक पेपरच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक, तोच फाइलला, तोच शीटमध्ये. शाई नको, चिकटपट्टी तर नकोच. गंजलेल्या टाचण्या आधी काढून घ्या.

ट्रोपी

हे नाव फार जणांनी ऐकलेलं नसतं. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेनझ्वाइग केंद्राने २०१७ मध्ये काढलेलं हे मोफत सॉफ्टवेअर. दप्तरखान्यात जाऊन शेकडो फोटो काढणाऱ्या संशोधकांसाठी ते बनवलेलं आहे, आणि आपली पेटी म्हणजे दुसरं काय असतं? संशोधकांचं झोटेरोही त्याच केंद्राचं. पण झोटेरो छापील पुस्तकं-लेखांच्या संदर्भांसाठी आहे, सायक्लोस्टाइल चिठोऱ्यांसाठी ते ओढूनताणून वापरू नये.

ट्रोपीत चार पानांचे चार फोटो जोडून एक पेपर करता येतो. त्यावर टॅग लावता येतात, बाजूला मजकूर उतरवून ठेवता येतो. आणि ज्याच्यासाठी मी त्याची शिफारस करतो ते हे: फोटोतल्या एका प्रश्नाभोवती चौकट आखून तेवढा तुकडा वेगळा काढता येतो, आणि त्या तुकड्याला स्वतःचं शीर्षक, स्वतःची टीप देता येते. म्हणजे पेपर की प्रश्न हे भांडण इथे बरंचसं मिटतं. आधी पेपर नोंदवा, प्रश्न सवडीने कापा. टॅग मात्र अख्ख्या पेपरला लागतात, तुकड्याला नाही, म्हणून तुकड्याचा विषय त्याच्या शीर्षकात लिहावा लागतो. ही अडचण आम्हाला पन्नास पेपर झाल्यावर कळली.

दुसरी गोम अशी की ते एका माणसाचं साधन आहे. एकाच वेळी दोघांनी एक प्रोजेक्ट उघडून भरायचा, हे त्याच्यात बसत नाही. प्रोजेक्ट फोटोंची प्रत आत घेणारा करायचा की फोटो जिथे आहेत तिथूनच वाचणारा, हे सुरुवातीला ठरवायचं असतं. आम्ही दुसरा निवडला, आणि दिवाळीत कुणीतरी लॅपटॉप साफ करताना फोटोंचं फोल्डर हलवलं. सगळ्या नोंदी जागच्या जागी, चित्र एकही नाही. फोल्डर सापडल्यावर निस्तरलं, पण जीव टांगणीला लागला होता तेवढा लागलाच. घरगुती कामाला पहिला प्रकार घ्या.

ओमेका आणि मोठी मंडळी

ओमेका म्हणजे संग्रहाचं संकेतस्थळ बनवायचं सॉफ्टवेअर, त्याच केंद्राचं, २००८ पासूनचं. संग्रह जगाला दाखवायचा असेल तर सुंदर: प्रत्येक पेपरचं पान, शोध, टॅगवरून फिरणं. डब्लिन कोअर या नोंदींच्या ठरीव नमुन्याचे पंधरा रकाने त्यात आयतेच असतात. (हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोचं; १९९५ मध्ये तिथे बैठक झाली होती.) पण त्याला सर्व्हर लागतो, डेटाबेस लागतो, वेळोवेळी अद्ययावत करणारं माणूस लागतं, नाहीतर दरसाल भाडं. ट्रोपीतून ओमेका एसमध्ये नोंदी नेता येतात, म्हणून घाई नाही. पुढची पाच वर्षं कोण सांभाळणार याचं उत्तर एका नावात देता येत नसेल, तर या वाटेला जाऊ नका. हौसेने सुरू करून बंद पडलेली संकेतस्थळं मी बरीच पाहिली आहेत.

बाकी सॉफ्टवेअरांपैकी डीस्पेस विद्यापीठांसाठी, कोहा ग्रंथालयांसाठी. दोन पेट्यांसाठी कोहा म्हणजे शेव-उसळ खायला लग्नाचा हॉल घेण्यासारखं. शिवाय ग्रंथालयाच्या वर्गीकरणाच्या आकड्यांचा इथे उपयोगही नाही: ड्युईच्या वर्गीकरणात गणिताची सराव-उदाहरणं ५१०.७६ वर जातात. सहाशेच्या सहाशे पेपर एकाच आकड्यावर!

टॅगचं काय?

खरं डोकं इथे खर्च होतं. मोकळे टॅग लावू द्यायचे, म्हणजे ज्याला जे सुचेल ते, की आधीच ठरवलेल्या यादीतलेच?

आम्ही पहिला महिना मोकळे ठेवले. वर्गसमीकरण, वर्ग समीकरणे, क्वाड्रॅटिक, आणि गुजराती पेपरावरून आलेलं द्विघात, असे एकाच गोष्टीचे चार टॅग झाले. लसावि आणि मसावि मराठी पेपरांत. गुजरातीत तेच लसाअ आणि गुसाअ. बडोद्यात हे होणारच, कारण एकाच पेटीत तीन भाषांचे पेपर असतात. कळस म्हणजे एका इंग्रजी पेपरात 'प्रॅक्टिस' पद्धतीने किंमत काढा असं होतं आणि एका उत्साही भाच्याने त्याला टॅग लावला 'सराव'. प्रॅक्टिस हा जुन्या अंकगणितातला अख्खा धडा होता: दर रुपया-आणे-पैत दिला असेल तर त्याचे रुपयाचे सरळ भाग (निम्मा, पाव, आठवा असे) पाडून किंमत काढायची. भाच्याचा काही दोष नाही, त्याच्या वेळी आणेच नव्हते.

म्हणून यादी बंद असावी, तीस-चाळीस शब्दांची, आणि प्रत्येक शब्दापुढे त्याची बाकीची नावं. शीटमध्ये ती ड्रॉपडाउन म्हणून बसवता येते. ट्रोपीत टॅगची यादी समोर असली तरी नवा टॅग बनवायला कुणी अडवत नाही. टॅगच्या शिस्तीत शीट जिंकते.

नातसुनेला मात्र सांकेतिक क्रमांक हवे होते, अं-व्या-०३ अशा धाटणीचे. यावर मला बोर्डनसाहेब आठवले. सयाजीराव महाराजांनी विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना १९१० मध्ये बडोद्याला आणलं. १९१३ पर्यंत ते इथे होते, आणि संस्थानाच्या ग्रंथालयांसाठी त्यांनी खास वर्गीकरण रचलं. काम मोठंच, पण आज त्या वर्गीकरणाचा क्रमांक वाचून पुस्तक कशावरचं ते सांगणारा माणूस शोधावा लागेल. घरगुती संकेतांचं आयुष्य त्याहूनही कमी, म्हणून सरळ शब्द लिहावेत. मदत घ्यायचीच तर ग्रंथालयशास्त्राचे एस. आर. रंगनाथन यांची घ्या. ते ग्रंथपाल होण्याआधी मद्रासला गणितच शिकवत होते. एका गोष्टीला एकाच कप्प्यात कोंबू नका, तिच्या वेगवेगळ्या बाजू वेगळ्या नोंदवा, हा त्यांचा विचार इथे चपखल बसतो. आमचे रकाने असे झाले: विषय (सरळव्याज), प्रसंग (सावकार, हौद, आगगाडी), एकक (आणे, मण, मीटर), प्रश्नाची तऱ्हा (सिद्ध करा, आकृती काढा) आणि भाषा.

यातल्या 'एकक' रकान्याने अनपेक्षित काम केलं. शाळेच्या अंतर्गत पेपरांवर वर्ष क्वचितच असतं. पण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि 'नवे पैसे' मधला 'नवे' शब्द १९६४ मध्ये गेला. म्हणजे न.पै. दिसले की पेपर साधारण त्या सात वर्षांतला. मण-शेर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मागे पडले. बोर्डाच्या पेपरांचं शीर्षकही बोलतं: बडोदा संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं. अंदाजाचं वर्ष खऱ्या वर्षाच्या रकान्यात मात्र टाकू नका, त्याला वेगळा रकाना द्या.

हक्काचाही एक रकाना ठेवा. प्रश्नपत्रिकेवर कसला आलाय कॉपीराइट, असं पुष्कळांना वाटतं. १९१६ मध्ये लंडनच्या न्यायालयात याच मुद्द्यावर खटला झाला, तोही मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरांवरून, आणि पेपर हे साहित्य ठरलं. आपल्या १९५७ च्या कायद्यात सरकारी प्रकाशनाला ६० वर्षं आणि व्यक्तीच्या लिखाणाला तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण आहे. घरात यादी करायला कसली आडकाठी नाही. नेटवर चढवण्याआधी विचार करा. मार्जिनमध्ये मुलांची नावं-गुण असतील तर ते पान चढवूच नका.

आमचं शेवटी असं ठरलं: सहाशे पेपर शीटमध्ये, निवडलेले संच ट्रोपीत, ओमेका तूर्त नाही. तशी नातसून शीटवरच खूश होती. ट्रोपी कशाला, हे तिला एका पेपराने पटलं. सायक्लोस्टाइलचा, बिनवर्षाचा, खरेदी-विक्रीचं उदाहरण. '५ आणे ४ पै' वर लाल शाईने काट आणि वर आजोबांच्या अक्षरात '२५ न.पै.'. पाच आणे चार पै म्हणजे रुपयाचा बरोबर तिसरा हिस्सा. नव्या पैशांत तो तेहेतीसवर येऊन लोंबकळतो, उदाहरण सुटतं पण शेपूट उरतं. म्हणून आजोबांनी भावच बदलून पाव रुपया केला. पुढची सगळी उत्तरंही त्यांनी बारीक अक्षरात फिरवली होती. शीटमध्ये हे कुठल्या रकान्यात लिहायचं, म्हणून ती बराच वेळ थांबली. मग तिने ट्रोपी उघडलं, लाल शाईभोवती चौकट आखली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काका, शीर्षक काय देऊ?"