यंदा वर्षाचं भरलं नाही: सुपरमार्केटचे आठ महिने

आमच्या घरी वर्षाचं धान्य भरायची पद्धत सासूबाईंच्या आधीपासूनची. मार्च-एप्रिलात धान्याच्या चुंगड्या, म्हणजे पोती, यायच्या, गच्चीवर चादरी पसरायच्या, नागपूरच्या उन्हात दोन दिवसांत सगळं खडखडीत. डाळीला एरंडीच्या तेलाचा हात, तांदळात कडुनिंबाचा पाला, मग कोठ्या भरायच्या. यंदा मुलं बाहेरगावी, घरात आम्ही दोघंच आणि माझे गुडघे जिन्याला नको म्हणतात. म्हणून ठरवलं, यंदा भरायचं नाही. मानेवाडा रोडपासून दहा मिनिटांवर एक मोठं सुपरमार्केट आहे, दर महिन्याला तिथूनच आणायचं. एप्रिल ते नोव्हेंबर असे आठ महिने झाले. सगळी बिलं एका डब्यात ठेवली आहेत, ती समोर घेऊनच लिहितेय.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. साबण, कपड्याची पावडर, टूथपेस्ट, चहा, बिस्किटं, फिनाइल हे सगळं छापील किमतीपेक्षा कमी मिळतं. आमच्या दोघांच्या घरात या एवढ्या सामानावर महिन्याला साडेचारशे-पाचशे रुपये वाचतात. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला, साबण-शाम्पू-टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, तेव्हा पुढच्याच बिलात फरक दिसला. स्वच्छता आहे, गाडी लावायला जागा आहे, आणि कुणी उभं राहून घाई करत नाही. भाजी मात्र मी तिथून घेत नाही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, बुधवारी बाजारातूनच आणते, सुपरमार्केटमधली जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते.

डाळीचं नीट सांगायला हवं, कारण माझा खरा अनुभव तोच. एप्रिलात त्यांच्या सुट्या डाळीच्या खणातून चार किलो तूरडाळ घेतली. तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली. जूनमध्ये त्याच खणातली, जवळपास त्याच भावाची डाळ पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. ऑगस्टमध्ये पुन्हा चांगली. ऑक्टोबरात पुन्हा तेच. खणावर पाटी एवढीच: तूरडाळ आणि भाव. कुठली, कोणत्या मिलची, नवी की मागच्या सालची, काही नाही. वर्षाचं भरलं की एका चुंगडीवर हात बसतो. पाणी किती, शिट्ट्या किती, ते एकदा कळलं की वर्षभर विचार करावा लागत नाही. यंदा आठ महिन्यांत माझ्या हातचं वरण चार वेळा बदललं. ह्यांनी काही म्हटलं नाही, पण ताटात वरण उरायला लागलं तेव्हा मला समजलं.

जूनची ती डाळ ढवळताना मला माहेरचं भांडार आठवलं. नागपूरच्या महाल भागात, १९८० नंतरच्या त्या वर्षांत, आमच्या वस्तीत एक सहकारी ग्राहक भांडार होतं. १९६२ च्या चीन युद्धानंतर भाव आवाक्यात राहावेत म्हणून केंद्र सरकारनं ग्राहक सहकारी भांडारांची योजना काढली होती, त्यानंतर गावोगावी अशी दुकानं उभी राहिली. मुंबईचा अपना बाजार त्याहून जुना, १९४८ चा. आमचं भांडार म्हणजे दोन खोल्या. दारातच काळा फळा, त्यावर खडूनं रोजचे भाव. आत रवा, धुण्याचा साबण आणि गोणपाट यांचा मिळून एक वास. वडील सभासद होते, त्यांचा सभासद क्रमांक मला शाळेच्या हजेरी क्रमांकासारखा पाठ होता. दिवाळीत कार्डावर रवा, मैदा, साखर आणि वनस्पती तुपाचा डबा ठरलेला. जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे यायचे, बाहेरच्यापेक्षा स्वस्त, आणि रांग पार कोपऱ्यापर्यंत. वडील ऑफिसातून येईपर्यंत त्यांची जागा धरून मी उभी असायचे.

मोजायला एक काका होते. छताला सुतळीचं रीळ टांगलेलं, ते न बघता वर हात करून दोरी ओढायचे, कागदी पुड्याला उभे-आडवे दोन वेढे आणि गाठ. त्या आधी मात्र डाळीचे चार दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली धरायचे. कटकन तुटला तर पुडा बांधायचे. एकदा दाणा दबला तर वडिलांना म्हणाले, "आज नका नेऊ, ओल आहे. शनिवारी अकोल्याची येते, ती न्या." वडील रिकामी थैली घेऊन घरी आले आणि आईनं एका शब्दानं विचारलं नाही. दुकानदारानंच परत पाठवलंय म्हटल्यावर विचारायचं काय! भांडार स्वस्त होतं हे खरं, पण आमचा सगळा वाडा तिथे जायचा तो त्या दाताखालच्या दाण्यासाठी.

पुढे ते बंद पडलं. मग लग्नानंतर, मुलं लहान असताना, आम्ही बिग बाजारात बुधवारच्या स्वस्ताईला जायचो. महालात बुधवार बाजार पिढ्यान् पिढ्या भरत आलेला, त्यामुळे बुधवारी स्वस्त घ्यायचं हे नागपूरकराला नव्यानं शिकवावं लागलं नाही. मुलांना ढकलगाडीत बसवून फिरवायचं, साखरेची पाच किलोची पिशवी घ्यायची, मजेचे दिवस होते. २०२२ मध्ये तेही गेलं.

आताच्या दुकानाबद्दल एक तक्रार आहे आणि ती मी व्यवस्थापकांना लिहूनही दिली आहे. फळीवरचा भाव आणि बिलातला भाव दोनदा वेगळा निघाला. मे महिन्यात पोह्यांवर अठरा रुपये, सप्टेंबरात काजूवर चाळीस. दोन्ही वेळा पैसे परत दिले, वाद घातला नाही, पण मी बिल तिथेच उभं राहून वाचलं म्हणून मिळाले. माझ्या मागे एक आजोबा होते, ते बिल न बघता थैलीत टाकून निघाले. अशा माणसाचे चाळीस रुपये कोण परत देणार?

तेलाच्या पाकिटाचंही सांगते, यात दुकानाचा दोष नाही. एक लिटर सोयाबीन तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. आता दिसायला तेवढीच, पण ८००-८५० ग्रॅमची पाकिटं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. मोठा भाव वाचू नका, त्याखाली बारीक अक्षरात प्रति ग्रॅमचा दर छापलेला असतो, तो वाचा. तो छापणं आता बंधनकारक आहे. दोन वेळा मला 'स्वस्त' पाकीट महाग पडलेलं त्यावरूनच कळलं. तसंच बंद पाकिटातल्या डाळ-तांदळावर जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे, २५ किलोपर्यंत. सुट्यावर नाही. २६ किलोचे कट्टे दिसतात ते त्यामुळेच.

तांदळाबाबत मी समाधानी आहे. एचएमटी चांगला ठेवतात. हे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतातल्या पटेल ३ या भाताच्या वाणातली वेगळी ओंबी ओळखून वाढवलं आणि तेव्हाच्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. दुकानात त्या कट्ट्यापुढे उभं राहिलं की आपल्या चंद्रपूरकडच्या माणसाचं काम डोळ्यांपुढे येतं. पण भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद तिथे नाही. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, दोन्ही आपल्याच भागातल्या, आणि फळीवर सगळ्या देशाच्या हळदी. तिखट-हळदीसाठी मला इतवारीच्या बाजारात जावंच लागलं.

ऑक्टोबरात डाळ शिजेना म्हणून मी वजनाच्या काट्यावरच्या मुलीला सहज विचारलं, ही डाळ अशी का? उमरेडकडची आहे, वीस-बावीसची असेल. तिनं आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, "काकू, वरची जुनी आहे. नवीन चुंगडी ओतली तरी जुनी खालून वर काढून ठेवतो, आधी ती संपवायची म्हणून. तुम्ही खालून घ्या." तिनं स्वतः दांडीचा डाव खणाच्या तळापर्यंत घातला आणि दोन किलो काढून दिली. ती चार शिट्ट्यांत शिजली.

आता मी गेले की आधी तिच्या काट्यापाशी जाते. मागच्या आठवड्यात तिनं लांबूनच हातानं नाही म्हटलं. जवळ गेल्यावर म्हणाली, "आज नको काकू, परवा या, परवा नवीन येणार आहे." रिकामी थैली घेऊन मी घरी आले. ह्यांनी विचारलं, डाळ? म्हटलं, परवा.