किलोवर मिळणारं 'इम्पोर्टेड रीफ सॉल्ट' घेण्याआधी हे वाचा

खान्देशात समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे मोजकेच. मुंबई इथून चारशे किलोमीटर, त्यामुळे मासा असो की टाकीसाठी समुद्रासारखं पाणी बनवायचं 'रीफ सॉल्ट' म्हणजे मीठ, सगळं पार्सलवर नाहीतर ओळखीच्या विक्रेत्यावर चालतं. मला ओळखीच्यानेच गंडवलं.

टाकीत एक मोठं लेदर कोरल (चामड्यासारखं मऊ प्रवाळ), थोडे झोअँथस (फुलांसारखे दिसणारे छोटे प्रवाळ-जीव) आणि क्लाउनफिश माशांची जोडी. उन्हाळा लागला आणि लेदर मिटलं. पॉलिप म्हणजे फुलणारी छोटी तोंडं आत ओढलेली, वरून मेणासारखा चकचकीत पापुद्रा. लेदर कोरल अधूनमधून अशी कात टाकतं आणि काही दिवसांनी पुन्हा फुलतं, हे खरंच आहे. विक्रेत्याने फोटो बघून तेच सांगितलं. पण पापुद्रा सुटला तरी ते उघडेना, कडा तपकिरी पडून लोंबायला लागल्या. मग त्याने ऊन पुढे केलं. "भाऊ, जळगावच्या उन्हात इथे माणूस शिजून राहिला, तुम्ही कोरलचं काय घेऊन बसले!"

पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरवर आकडा २६ अंशांचा होता, म्हणजे पाणी तापलेलं नव्हतं. तो म्हणे चिलर लहान पडतोय, मोठा घ्या. तो नाही घेतला, तर जंतुसंसर्गाचं निदान झालं आणि कोरल बुडवायचं औषध माथी मारलं. त्यानंतर 'ट्रेस एलिमेंट' म्हणजे सूक्ष्म घटकांची बाटली. सगळं त्याच्याच दुकानातून, आणि पावती मागितली की "देतो ना भाऊ".

मला खटकत होतं ते वेगळंच. झोअँथसही मिटले होते आणि काचेवरचं जांभळट कोरलाइन शेवाळ पांढरं पडत चाललं होतं. एकाच कोरलला रोग होऊ शकतो, शेवाळालाही त्याच वेळी कसा होईल? शिवाय पाणी बदललं की सुधारणा व्हायला हवी, इथे दर वेळी जास्तच बिघडायचं. म्हणजे दोष नव्या पाण्यात होता. आरओचं पाणी तपासलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. उरलं मीठ. ते याच विक्रेत्याकडचं, परदेशी बादली फोडून किलोवर दिलेलं, पारदर्शक पिशवीत, वर निळं स्टिकर.

खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ म्हणजे समुद्राएवढाच आकडा दाखवत होता, पण त्याला फक्त एकूण क्षार कळतात. साधं मीठ विरघळवलं तरी तो ३५च दाखवेल. भुसावळच्या मित्राकडून सीलबंद बादलीतलं मीठ आणलं आणि दोन स्वच्छ बादल्यांत दोन्ही मिठांचं पाणी रात्रभर पंपाने फिरवून ठेवलं. सकाळी कॅल्शियमची टेस्ट लावली. मित्राच्या पाण्याचा गुलाबी रंग निळा व्हायला सिरिंज जवळजवळ संपली: लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे समुद्राएवढं. पिशवीतल्या मिठाचं पाणी पहिल्या काही थेंबांतच निळं झालं, म्हणजे कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मॅग्नेशियम समुद्रात लिटरला १३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, इथे नावापुरतं. बादलीच्या तळाशी मातकट गाळ बसला होता तो वेगळाच. आगरातलं खडेमीठ, दुसरं काय!

पैसे परत मागितले तर म्हणाला, त्याबदल्यात हार्ड कोरल देतो, बिनपावतीचं. हे मात्र नीट ऐका. हार्ड कोरल म्हणजे दगडी प्रवाळ; ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. ते घेतलं असतं तर मिठाची तक्रार करायला माझं तोंडच उरलं नसतं.

मीठ सीलबंदच घ्या, बॅच नंबर आणि पावतीसह. नवं मीठ टाकीत जाण्याआधी बादलीतल्या पाण्याची कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि केएच (कार्बोनेटचं प्रमाण) यांची टेस्ट करा. टेस्ट किट विक्रेत्याच्या दुकानातलं नको, स्वतःचं हवं.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार दिली आहे. पावती नसली तरी यूपीआयच्या नोंदी आणि त्याचे मेसेज जोडले. पिशव्या अजून विकल्या जात आहेत, फक्त स्टिकर आता हिरवं आलंय.