डॅशकॅमच्या फुटेजवरून नकाशा दुरुस्त करताना: आठ महिन्यांचा अनुभव

गाडीच्या पुढच्या काचेशी लावायचा कॅमेरा, म्हणजे डॅशकॅम, घेतला होता तो अपघात झाला तर पुरावा हाताशी असावा म्हणून. माझं काम कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग पोचवायचं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून शिरोली, गोकुळ शिरगाव, कधी कागलची पंचतारांकित एमआयडीसी. जूनमध्ये बेळगावचा एक ट्रकवाला माल उचलायला आला आणि हायवेलगत अडकला. फोनवर म्हणाला, "साहेब, म्याप सरळ दावतंय, हितं तर डिव्हायडर हाय." सहापदरीकरणामुळं तिथली वळणं सारखी बदलत होती, नकाशा मात्र जुन्याच रस्त्यावर. मी तिथनं रोज दोनदा जातो, कॅमेरा सगळं टिपतो आणि 64 जीबीचं कार्ड भरलं की तीन दिवसांत त्यावर नवं चढतं. हे वाया का घालवायचं, म्हणून फुटेज मॅपिलरीवर, म्हणजे लोकांनी काढलेले रस्त्यांचे फोटो नकाशावर ठेवणाऱ्या साइटवर टाकायला लागलो.

मॅपिलरी 2013 साली स्वीडनमध्ये सुरू झालं, 2020 मध्ये फेसबुकनं घेतलं. चेहरे आणि नंबरप्लेट तिथं आपोआप पुसट होतात. मोठा फायदा असा, की हे फोटो बघून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये (कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशात) दुरुस्ती करायला परवानगी आहे. गुगलचा नकाशा बघून तिथं उतरवणं चालत नाही. घराजवळचे पहिले-शेवटचे दोनशे मीटर मी स्वतःच कापून टाकतो.

सगळ्यात जास्त छळलं ते घड्याळानं. माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. फोनवर रस्त्याचा माग नोंदवायचा आणि नंतर वेळ जुळवून तो व्हिडिओला जोडायचा. पहिल्या महिन्यात सगळे फोटो नकाशावर थोडे मागं सरकलेले दिसायचे. फाटा नकाशावर एका जागी, फोटोत दुसरीकडं. कॅमेऱ्याचं घड्याळ तीन सेकंद मागं होतं. ताशी 60 च्या वेगानं तीन सेकंदांत गाडी 50 मीटर जाते, म्हणजे वळण थेट शेजारच्या गल्लीवर जाऊन बसतं. आता निघताना फोनवरचं सेकंदासकट घड्याळ कॅमेऱ्यासमोर धरतो, मग घरी फरक काढतो. हे करूनच माझ्या कामाला अर्थ आला. नवा घेणाऱ्यांना सांगतो, पिक्सेलवर कमी आणि जीपीएसवर जास्त पैसे घाला.

पावसाळ्यात निम्मं फुटेज वायपरनं खाल्लं. कवडशाचा त्रास हिवाळ्यात, सकाळी पूर्वेला जाताना. डॅशबोर्डवर पांढरा कागद ठेवायची सवय मोडली, काचेवर तोच उमटतो.

पण फोटो चढवला म्हणजे नकाशा बदलला, असं अजिबात नाही. मॅपिलरी फोटोतले रस्त्यावरचे फलक ओळखतं, तरी एकेरी वाहतूक, डिव्हायडरचा कट, रस्त्याचं नाव हे कुणीतरी बसून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरावंच लागतं. मी रविवारी दोन तास देतो. उद्यमनगरातल्या एका गल्लीला नकाशावर दुहेरी वाहतूक होती, तोंडाशी 'प्रवेश बंद' फलक होता. एकाच फोटोवर भरवसा न ठेवता वेगवेगळ्या आठवड्यांतले तीन बघितले, मग एकेरी केली. फलक वाकडा लागलेला असतो, कधी कामापुरता असतो.

पुराचं वेगळं. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. राजाराम बंधारा मात्र त्याआधीच पाण्याखाली जातो. चार दिवसांचा बंद रस्ता नकाशात 'बंद' करून ठेवू नये, पाणी ओसरल्यावर ती नोंद काढायला कुणी येत नाही. त्याऐवजी तिथं पुराचा धोका असल्याची खूण घालता येते, ती मी घातली. पुराच्या दिवसातलं फुटेज यासाठी सोन्यासारखं आहे: पाणी नेमकं कुठल्या खांबापर्यंत आलं होतं ते दिसतं.

ट्रकवाला अडकला होता तो कट ऑगस्टपासून तीनदा हलला. तिन्ही वेळचे फोटो तारखेसकट आहेत. तिसऱ्यांदा बदलल्यावर दुसऱ्याच कुणी दुरुस्ती करून ठेवली होती, पुराव्यात माझ्याच फोटोचा दुवा दिला होता. गेल्या आठवड्यात तोच ट्रकवाला पुन्हा आला. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ॲप त्याच्या फोनवर मीच घालून दिलं होतं. थेट गेटवर आला, वाटेत फोन केला नाही.