शुगरचं मशीन घेताय? आधी स्ट्रिपचा हिशोब करा

आमच्याकडे कोथरूडला एकाच घरात दोन डायबिटीसवाले, आई इन्सुलिनवर आणि बाबा नुसत्या गोळ्यांवर, आणि मी सुरुवातीला दोघांसाठी डोळे झाकून सारखीच खरेदी केली तिथेच फसले. त्यामुळे आता कोणी विचारलं की कुठलं मशीन घेऊ, तर मी उलट विचारते, महिन्यातून किती वेळा टोचणार?

मशीनचं काय, ते एकदाच घ्यायचं, पुष्कळदा ऑफरमध्ये २५ स्ट्रिपसोबत (रक्ताचा थेंब लावायच्या पट्ट्या, दर टेस्टला एक नवी) जवळजवळ फुकटच पडतं. खरा खर्च पुढचा. अ‍ॅक्यु-चेक, वन टच यांची स्ट्रिप मला साधारण २० रुपयांच्या आसपास पडली, डॉ. मॉर्पेनची साधारण १० ला. आता आईचं बघा, दिवसातून तीनदा म्हणजे महिन्याला ९० स्ट्रिप. एकीकडे १८०० रुपये, दुसरीकडे ९००. वर्षाला जवळपास अकरा हजारांचा फरक, थट्टा नाही.

पण स्वस्तवालं खरं दाखवतं का, हा प्रश्न माझ्याही डोक्यात होताच. आयएसओ १५१९७ म्हणून मीटरचं स्टँडर्ड आहे, त्यात १०० पैकी ९५ रीडिंग लॅबच्या आकड्याच्या १५ टक्क्यांत यायला लागतात (शुगर १०० च्या खाली असेल तर १५ अंकांत). म्हणजे महागडं मशीनसुद्धा लॅबशी तंतोतंत जुळणार नाही. आम्ही काय केलं, आईचं फास्टिंगचं रक्त द्यायला गेलो तेव्हा दोन्ही मशीन पिशवीत घालून नेली आणि तिथेच बोट टोचलं. लॅब १४८, महाग १४३, स्वस्त १५९. दोन्ही पास. आईला स्वस्तवालं दिलं. हे फास्टिंगलाच करा हं, जेवणानंतर बोटातल्या रक्ताची शुगर शिरेतल्यापेक्षा जास्त येते, मग उगाच मशीनला नावं ठेवाल.

बाबांचं गणित वेगळंच निघालं. त्यांना डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा सांगितलंय, म्हणजे तीन महिन्यांत २६ स्ट्रिप. मी मोठ्या हुशारीने ५० चा बॉक्स आणला ५०० ला, आणि नंतर चष्मा लावून वाचलं तर डबी उघडल्यावर तीन महिन्यांत संपवायची. २४ स्ट्रिप कचऱ्यात, म्हणजे १० ची स्ट्रिप १९ ला पडली! २५ चा बॉक्स ३०० ला होता तोच घ्यायला हवा होता. काही कंपन्यांच्या स्ट्रिप उघडल्यावरही छापील एक्सपायरीपर्यंत चालतात, कमी टोचणाऱ्याला त्या महाग असूनही परवडतील, तेव्हा डबीवरचं बारीक अक्षर वाचाच. आणि गोळ्यांवर आहे म्हणून आपल्या मनाने टेस्ट कमी करू नका, ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने शुगर एकदम खालीही जाते, किती वेळा बघायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

कुठून घ्यायचं? गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे डिस्काउंट कमी, पण डबी खराब निघाली तर बदलून देतो. ऑनलाइन स्वस्त, मात्र मला एकदा दोनच महिने एक्सपायरी राहिलेला माल आला, तेव्हापासून पार्सल उघडलं की आधी तारीख. सदाशिव पेठेत होलसेल औषधवाले आहेत, चार-पाच बॉक्स एकदम घेणार असाल तरच तिकडे पार्किंग शोधायची हिंमत करा. जनऔषधीच्या यादीत मीटर-स्ट्रिप आहेत पण प्रत्येक दुकानात असतीलच असं नाही, फोन करून जा. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून मीटर आणि स्ट्रिपवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय, तेव्हा जुन्या एमआरपीचा बॉक्स कोणी गळ्यात मारत असेल तर विचारा.

हात न धुतल्यानेही स्ट्रिप वाया जातात. मे महिन्यात बाबांचं रीडिंग आलं २८७, घरात धावपळ, आई म्हणाली अहो आत्ता आंबा कापत होतात ना, हात धुवा. साबणाने धुवून, नीट पुसून परत टोचलं तर १६४. एक स्ट्रिप गेली, पण फोनवर डॉक्टरांची बोलणी तरी वाचली.

दंडावर लावायचा, सतत शुगर मोजणारा सेन्सर पण बघितला होता, १४ दिवस चालतो, चार-पाच हजारांच्या घरात. ज्यांची शुगर रात्री झोपेत खाली जाते त्यांनी जरूर डॉक्टरांशी बोलावं, बाबांसारख्याला मात्र उगाच खर्च.

लॅन्सेट (टोचायची छोटी सुई) आणि ती बसवून टोचायचं पेन मात्र दोघांचं वेगळं ठेवा, नवराबायको असले तरी. आणि लॅन्सेट घेताना पेन सोबत न्या, अ‍ॅक्यु-चेकच्या सॉफ्टक्लिक्स पेनला त्याचीच लागतात, साधी गोल बसत नाहीत. माझ्याकडे शंभराचा बॉक्स तसाच ड्रॉवरमध्ये पडलाय, कोणाचं पेन गोलवालं असेल तर घेऊन जा बाबा.