टेस्टिंग टूलमध्ये तयार फंक्शनं किती असावीत? भरगच्च संच की साधा असर्ट

स्वतःचं टेस्टिंग टूल उभं करताना पहिला वाद इथंच होतो: आत तपासणीची तयार फंक्शनं किती द्यायची? सोलापुरात आमची छोटी टीम टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करते. आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक युनिटटेस्टची, म्हणजे पायथॉन भाषेसोबतच येणाऱ्या टेस्टिंग टूलची. समान आहे का, यादीत आहे का, मोठं आहे का, लहान आहे का, प्रत्येकाला वेगळं फंक्शन. दुसरी पायटेस्टची, हे पायथॉनचंच पण वेगळं घ्यावं लागणारं टूल. भाषेतला साधा असर्ट (दिलेली अट खरी नसेल तर तिथंच थांबवणारी ओळ) वापरायचा आणि त्यानं भागत नसेल तिथंच फंक्शन लिहायचं. दोन्हींवर काम केलंय, म्हणून सांगतो.

भरगच्च संचाची बाजू कमजोर नाही. कॉलेजमधून नुकतीच आलेली मुलं एडिटरमध्ये चार अक्षरं टाइप करतात, समोर यादी येते, तीतून निवडतात. वाचणाऱ्यालाही हेतू लगेच कळतो. तुमचे टेस्टर प्रोग्रॅमिंगवाले नसतील तर कदाचित हीच वाट बरी. नोकिया नेटवर्क्समध्ये सुरू झालेलं रोबोट फ्रेमवर्क हे टेस्टिंग टूल वाक्यासारख्या तयार कीवर्डांवरच चालतं आणि तिथं ते शोभतंही.

माझं मत फिरलं ते एका त्रासामुळे. योग्य फंक्शन निवडलं तर युनिटटेस्ट नीट सांगतं की काय आलं आणि काय यायला हवं होतं. पण घाईत माणूस 'असर्ट ट्रू' (फक्त खरं की खोटं एवढंच बघणारं फंक्शन) लिहितो आणि त्याच्या कंसात 'एकूण बरोबर अपेक्षित' टाकून मोकळा होतो. टेस्ट पास होते तोवर सगळं ठीक. फेल झाली की पडद्यावर येतं, 'फॉल्स इज नॉट ट्रू'. बस, एवढंच. बिल किती रुपयांचं निघालं, फरक रुपयाचा की हजाराचा, काही कळत नाही. मार्चअखेर आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतून कारखानदाराचा फोन चालू आहे, आणि आपण प्रिंटची ओळ टाकून सगळं पुन्हा चालवतोय! संचात हवं ते फंक्शन असतं, पण तेच वापरा अशी सक्ती टूल करत नाही. रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्यानं कोड वाचताना, पकडता येईल म्हणाल, तर छोट्या टीममध्ये रिव्ह्यू करणाराच बऱ्याचदा त्या फोनवर असतो.

पायटेस्टमध्ये हा प्रश्नच येत नाही. साधी तुलना लिहा, फेल झाली की दोन्ही बाजूंच्या किमती समोर येतात. यादी असेल तर कुठल्या जागी फरक पडला तेही दिसतं. एक अडचण मात्र आहे. ही सोय टेस्टच्या फाइलींत आपोआप मिळते, पण मदतीची फंक्शनं वेगळ्या फाइलीत ठेवली की ती फाइल आधी नोंदवावी लागते. नव्या माणसाला हे कुणीतरी सांगावं लागतं.

मग आम्ही स्वतःची फंक्शनं कुठली घातली? पहिलं रुपयाच्या पूर्णांकाचं. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम 170 प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयाला आणायची, 50 पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया. पायथॉनचं राउंड हे फंक्शन मात्र बरोबर अर्ध्यावर सम संख्येकडे झुकतं. 1240.50 चे ते 1240 करतं, कायद्याला 1241 हवेत. अशी तपासणी प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं लिहिली तर गोंधळ ठरलेलाच. म्हणून ती एकाच फंक्शनमध्ये, डेसिमल (पायथॉनचा अचूक दशांश हिशेबाचा प्रकार) वापरून. दुसरं थांबण्याचं. रिपोर्ट तयार झाला का हे थोड्या थोड्या वेळानं बघायचं, ठरलेल्या मुदतीत झाला नाही तर टेस्ट फेल. ठोक पाच सेकंद स्लीप (प्रोग्रॅम नुसता थांबवून ठेवणं) टाकण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण मशीन संथ असलं की पाच पुरत नाहीत आणि वेगवान असलं की वाया जातात. तिसरं, बिलातल्या ओळी क्रम न बघता जुळवणारं. पुढची मागणी आली की आम्ही एवढंच विचारतो: साध्या असर्टनं हे वाचण्यासारखं होतंय का? बहुतेक वेळा होतं.

जुन्या टेस्ट युनिटटेस्टमध्ये असतील तर त्या फेकायची गरज नाही. पायटेस्ट त्या आहेत तशा चालवतं, आणि त्या क्लासमध्ये साधा असर्ट लिहिला तरी तपशील मिळतो. फक्त एकच टेस्ट वेगवेगळ्या आकड्यांवर फिरवण्याची पायटेस्टची सोय त्या जुन्या क्लासमध्ये चालत नाही. म्हणून कराच्या दरांच्या टेस्ट तेवढ्या आधी हलवा, बाकीच्या सवडीनं.