शिनोबूचं विष की तामायोचं औषध?

‘किमेत्सु नो यायबा’ (‘डेमन स्लेयर’) या जपानी मांगाच्या, म्हणजे चित्रकथेच्या, अंतिम लढाईत तलवारी चमकतात खऱ्या, पण पारडं फिरवतात दोन विषं.

राक्षसांशी लढणाऱ्या शिनोबूला राक्षसाची मान छाटण्याइतकं बळ नाही. म्हणून ती वर्षाहून अधिक काळ राक्षसांना मारक अशा विस्टेरिया फुलांचं विष शरीरात भिनवते. 37 किलोचं ते शरीर डोमा हा बलाढ्य राक्षस गिळतो तेव्हा मारक मात्रेच्या 700 पट विष त्याच्यात उतरतं. तो वितळू लागतो, तरी मरत नाही. शिनोबूची शिष्या कानाओ हिचं पातं त्याच्या मानेत अडकतं. तिचा साथीदार इनोसुके स्वतःच्या दोन्ही तलवारी फेकून ते पातं मानेच्या पार करतो.

माणसांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तामायो या राक्षसिणीचं औषध शिनोबूच्याच मदतीने बनलेलं, पण चारपदरी. राक्षसांचा म्होरक्या मुझान, राक्षसाला माणूस बनवणारा पहिला घटक पचवतो आणि निर्धास्त होतो. तिथेच फसतो. दुसरा त्याला मिनिटाला 50 वर्षं म्हातारा करत असतो, तिसरा शरीर फोडून पळण्याची वाट अडवतो, चौथा पेशी नासवतो. मान छाटूनही न मरणाऱ्या शत्रूला, उन्हाने तो मरावा म्हणून, सूर्योदयापर्यंत रोखायचं, तर हेच हवं होतं.

रचना म्हणून तामायोचं औषध सरस, कारण एक घटक निकामी होईल हे तिने गृहीत धरलंय. शिनोबूचा डाव एकदाच खेळता येतो, आणि नेमकं त्यामुळेच ते प्रकरण वाचताना जास्त जिव्हारी लागतं.