उपमुख्य अग्निशमन अधिकारी: पदोन्नतीने की प्रतिनियुक्तीने?

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या अग्निशमन विभागात उपमुख्य अग्निशमन अधिकारी असे पद निर्माण करायचे झाल्यास आकृतिबंध (कोणती पदे किती, याचा आराखडा) आणि शासनाची मंजुरी हे टप्पे ठरलेलेच आहेत. खरा वाद सेवाप्रवेश नियमांत (पद भरण्याच्या अटींत) ते पद खात्यातल्याच माणसाला पदोन्नती देऊन भरावे की बाहेरच्या सेवेतला अधिकारी ठरावीक मुदतीसाठी, म्हणजे प्रतिनियुक्तीने, आणावा, याचा आहे.

पदोन्नतीने वर आलेल्या अधिकाऱ्याला २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी कोणत्या गल्लीत आधी शिरले, बोट कुठवर नेता आली आणि गणपती पेठेच्या गर्दीत बंब कुठे अडतो, हे नकाशावर शोधावे लागत नाही. मात्र फायरमनपासून चढत आलेल्या माणसाने नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयातील वरिष्ठ अभ्यासक्रम केलेला असेलच असे नाही, आणि मग २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली इमारती तपासताना तांत्रिक बाजू लंगडी पडू शकते.

प्रतिनियुक्तीवरचा अधिकारी ही उणीव भरून काढतो, शिवाय स्थानिक दडपणाला (ते असतेच) कमी बधतो. पण शहर ओळखीचे होते न होते तोच त्याची मुदत संपते आणि खालच्यांची बढती तेवढा काळ खोळंबते.

माझा कल पदोन्नतीकडे आहे. मात्र नागपूरचे प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय पात्रता यादीत नाव येऊ नये आणि त्या काळातील वेतन महापालिकेने द्यावे.